हाचीला माफ करायला मला तेरा वर्षं लागली

ऐरोली_स्लो (धागाकर्ती), शुक्रवार, रात्री ११.०५

हा धागा नाना फडणवीसांबद्दल नाही, पाटेकरांबद्दल नाही आणि तुमच्या चाळीतल्या नानांबद्दलही नाही. 'नाना' हा आइ याझावा यांचा मांगा, म्हणजे जपानी कॉमिक आहे. २००० साली 'कुकी' या जपानी मासिकात सुरू झाला, २००९मध्ये त्या आजारी पडल्या आणि थांबला तो थांबलाच. २१ खंड आहेत, शेवट नाही. ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी: मधल्या वळणाचे स्पॉयलर पुढे आहेत.

गोष्ट थोडक्यात. बर्फात अडकत अडकत टोकियोला निघालेल्या गाडीत दोन मुली शेजारी बसतात. दोघी विशीच्या, दोघींचं नाव नाना. एक बॉयफ्रेंडकडे चालली आहे, दुसरी गायिका व्हायला. पुढे दोघी योगायोगाने एकच जागा बघायला येतात आणि भाडं वाटून राहायला लागतात. फ्लॅट नंबर ७०७. जपानीत सात म्हणजे नाना. गायिका नाना दुसरीला 'हाची' म्हणायला लागते. हाची म्हणजे आठ, शिवाय मालकाची वाट बघत स्टेशनवर बसणारा तो हाचिको कुत्रा. नाव अगदी फिट्ट, कारण ही मुलगी कुणी जरा डोक्यावरून हात फिरवला की शेपूट हलवते.

हाचीचं आधी ताकुमीशी जुळतं. मोठ्या बँडचा म्होरक्या, देखणा, बायकांच्या बाबतीत बेभरवशाचा. मग ती नोबूच्या प्रेमात पडते. हा नानाच्या बँडमधला गिटारवाला, साधा, खिसा फाटका. सगळं सुरळीत होतंय असं वाटत असतानाच तिला दिवस राहतात आणि मूल कुणाचं ते तिला सांगता येत नाही. नोबू हबकतो, गप्प होतो. ताकुमी म्हणतो, कुणाचं का असेना, माझं म्हणून वाढवेन. आणि हाची ताकुमीला हो म्हणते.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वीस वर्षांची होते. घणसोलीला रूममेटबरोबर एका वन आरकेमध्ये राहत होते. खंड आम्ही दोघींनी पैसे काढून एकेक करत घेतले. वाचायची जागा म्हणजे ठाणे-वाशी लोकल. ती सकाळच्या गाडीत वाचायची, मी संध्याकाळच्या. ज्या दिवशी हाचीने हो म्हटलं त्या दिवशी मी घरी येऊन पुस्तक गादीवर आपटलं आणि म्हटलं, "विकली गेली." रूममेट नुसती हसली.

परवा पुन्हा वाचायला घेतलं. आता तेहेतीस पूर्ण. त्या पानांवर आले, राग यायची वाट बघत बसले आणि तो आलाच नाही. तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का? ज्या पात्रावर दात खाल्ले तेच पुढे आपलंसं वाटलं? मांगाच हवा असं नाही, पण प्रेमकथा असली तर बरं.

---

सर्दीपडसे, रात्री ११.२०

शीर्षकात 'हाची' वाचून घरगुती काढा सापडेल म्हणून आलो होतो. असो. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

कोपरीची_कैरी, रात्री ११.४१

ताई, मी सध्या त्याच वयाची आहे आणि मागच्याच महिन्यात हे वाचलं. अजिबात माफ केलेलं नाही. करणारही नाही!

नोबू गप्प झाला तो किती वेळ? माणसाला धक्का बसला तर चार दिवस द्यायचे की नाही? हिने तेवढेही दिले नाहीत. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये यावरून दोन तट पडले होते आणि एका मुलीने चक्क ग्रुप सोडला. (नंतर परत आली. परीक्षेच्या नोट्स ग्रुपवरच असतात ना.)

---

दोन_डबे_एक_बाटली, शनिवार, सकाळी ७.१५

कैरी, चार दिवस कुणी कुणाला द्यायचे? पोट तिचं आहे. घड्याळ तिच्यासाठी चालू झालंय, त्याच्यासाठी नाही.

मी हा मांगा लग्नानंतर वाचला, बाळंतपणाच्या रजेत, रात्री तीन वाजता, मांडीवर लेक. त्यामुळे माझी बाजू पहिल्यापासून ठरलेलीच. मुलगी विशीची. हाताला धड नोकरी नाही. शहरात स्वतःचं म्हणावं असं कुणी नाही, जी एक मैत्रीण आहे ती स्वतःच बँडच्या धडपडीत. अशा वेळी एक जण 'बघू, विचार करतो' या चेहऱ्याने उभा आहे आणि दुसरा 'मी आहे' म्हणतोय. आपल्याकडे कांदेपोहे करताना आई-बाप नेमकं हेच बघतात, फक्त त्याला 'मुलगा सेटल आहे' असं म्हणतात. तिथे कुणी 'विकली गेली' म्हणत नाही. हाचीने हा व्यवहार एकटीने आणि आठ दिवसांत केला, एवढाच फरक.

बाकी धागा छान. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

---

खारफुटी, सकाळी ९.३०

दोन_डबे, प्रतिसाद आवडला पण एका गोष्टीवर हरकत आहे. ताकुमी 'मी आहे' म्हणतो हे खरं. तोच ताकुमी तिच्यावर जबरदस्ती करतो, तिला धाकात ठेवतो, लग्न ठरल्यावरही बाहेरख्यालीपणा सोडत नाही, हेही त्याच पुस्तकात आहे. जबाबदारी घेतली म्हणून बाकीचं सगळं धुऊन निघत नाही. हाचीला माफ करताना ताकुमीला फुकटात सोडू नका. ऑनलाइन कित्येक वाचक असं करतात. देखणा काढलाय ना, म्हणून. टक्कल आणि ढेरी काढली असती तर किती जणींनी त्याची बाजू घेतली असती, मला बघायचंय.

याझावांचं कौतुक हेच की त्या कुणाचीच बाजू घेत नाहीत. ताकुमी घरी येऊन हाचीच्या हातचं जेवतो तेव्हा खरंच शांत होतो, तेही दाखवतात. वाचकाला सोपं काही मिळत नाही.

---

दोन_डबे_एक_बाटली, सकाळी ९.५२

मान्य. तिचा निर्णय समजणं वेगळं आणि नवरा चांगला म्हणणं वेगळं. माझ्या लिहिण्यात सरमिसळ झाली. (टक्कल आणि ढेरीवर आमचे हे नाराज आहेत. हलके घ्या.)

---

नौपाडा_निवृत्त, सकाळी ११.१०

नमस्कार मंडळी. हे कॉमिक्स आहे असं समजून मी इथवर वाचत आलो आणि आता बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझी लेक परदेशी गेली तेव्हा तिची पुस्तकांची खोकी माझ्याकडे ठेवून गेली. त्यात 'मेझों इक्कोकु' नावाचे दहा जाडजूड इंग्रजी खंड निघाले. लेखिका रुमिको ताकाहाशी. मूळ मालिका १९८० ते १९८७. मी पहिला खंड उघडला तो शेवटच्या पानावर. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं हे कळायला मला एक आख्खी दुपार लागली. तोवर मला वाटत होतं की हे लोक आधी रडतात आणि मग भांडतात.

क्योको ही अगदी तरुण विधवा. शाळेतल्या शिक्षकाशी लग्न झालं, सहा महिन्यांत तो गेला. सासऱ्यांच्या मालकीच्या एका जुन्या भाड्याच्या घराची व्यवस्था बघायला ती येते. तिथे पाचव्या खोलीत गोदाई नावाचा प्रवेश परीक्षेत नापास झालेला मुलगा राहतो. तो तिच्या प्रेमात पडतो आणि पुढचे पंधरा खंड (मूळ जपानी आवृत्ती तेवढ्या खंडांची) काहीही घडत नाही. म्हणजे रोज काहीतरी घडतं, पण 'ते' घडत नाही.

माझं म्हणणं वेगळंच आहे. विधवेचं पुन्हा लग्न हा विषय आपल्या हाडीमाशी मुरलेला. १८९३ साली कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. आमच्या ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालयही त्याच १८९३ सालचं. तिथल्या कपाटांतून मी या विषयावर जे काही वाचलं त्यात आडवा येणारा नेहमी समाज. सासरा, भटजी, गाव. इथे तसं कुणीच नाही! सासरे आडवे येत नाहीत. तिचे आई-बाप तर 'कर बाई पुन्हा लग्न' म्हणून तिच्या मागे लागलेले. शेजारी उनाड आहेत पण दुष्ट नाहीत. अडवणारी फक्त ती स्वतः. तिला वाटतं, मी दुसऱ्यावर प्रेम केलं तर पहिल्यावरचं खोटं ठरेल. सुधारकांनी कायदा बदलला, रूढी बदलल्या, पण हा कोपरा कुणी बदलायचा? सात वर्षं लेखिकेने फक्त तो कोपरा लिहिला. सुरुवातीला मीही वैतागलो होतो, मालिकेसारखं पाणी घालताहेत म्हणून. नंतर कळलं की तेवढाच वेळ लागतो.

---

कोपरीची_कैरी, दुपारी १२.०५

काका, दंडवत! मला वाटलं होतं आता 'आमच्या वेळी असं नव्हतं' येणार.

त्यातला कुत्रा सांगा ना सगळ्यांना.

---

नौपाडा_निवृत्त, दुपारी १२.४०

हो, तो राहिलाच. क्योकोच्या कुत्र्याचं नाव सोइचिरो. तिच्या गेलेल्या नवऱ्याचंही नाव सोइचिरो. त्यामुळे ती हाक मारते तेव्हा हसावं की काय करावं ते कळत नाही. आणि तिला मागणी घालणारा जो दुसरा श्रीमंत, देखणा टेनिस शिकवणारा आहे तो कुत्र्यांना घाबरतो. मी हे आधी विनोद म्हणून वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, बरोबर आहे. ज्याला सोइचिरोची भीती वाटते त्याला ती कशी मिळेल?

गोदाईचं उलट. शेवटाकडे तो तिच्या नवऱ्याच्या थडग्यापाशी जाऊन त्यालाच सांगतो की तिच्या मनातून तू जाणार नाहीस, तेव्हा तुझ्यासकटच तिला घेऊन जातो. मूळ शब्द सांगत नाही, पुस्तकातच वाचा.

आणि लग्नाला हो म्हणताना ती त्याच्याकडे एकच गोष्ट मागते. माझ्यापेक्षा एक दिवस का होईना, जास्त जग. पुन्हा एकटं राहणं मला जमणार नाही.

त्या दिवशी मी तिथे पुस्तक ठेवलं आणि चहा टाकला. आमच्याकडे दोन वर्षांपासून एकच कप लागतो, पण पाणी मी अजून दोन कपांचंच ठेवतो. सवय. बाकीचं दुसऱ्या दिवशी वाचलं.

---

खारफुटी, दुपारी १.१५

काका...

---

दोन_डबे_एक_बाटली, दुपारी १.१८

काका, जेवलात ना?

---

नौपाडा_निवृत्त, दुपारी १.३०

जेवलो जेवलो. पिठलं-भात. धागा माझ्यामुळे भरकटू देऊ नका, चालू द्या.

---

तुर्भे_जंक्शन, दुपारी ३.००

भरकटला नाही काका, उलट रुळावर आला. एक अवांतर: इक्कोकुमध्ये नावांचा खेळ आहे. पहिल्या खोलीत इचिनोसे, चौथीत योत्सुया, पाचवीत गोदाई, सहावीत रोप्पोंगी. प्रत्येक आडनावात तो तो आकडा. आणि क्योकोचं सासरचं आडनाव ओतोनाशी, त्यातल्या 'नाशी'चा अर्थ 'नाही'. म्हणजे शून्य. आकड्यांच्या घरात ती शून्य बनून येते. इकडे 'नाना'त सात आणि आठ. जपानी लेखिकांना प्रेमकथेत पाढे घालायची हौस दिसते.

दुसरं, इक्कोकु ज्या नियतकालिकातून आलं ते मोठ्या पुरुषांसाठीचं होतं, 'कुकी' मात्र मुलींचं. त्यामुळे काका, तुम्ही योग्य वयाचे वाचक आहात.

तिसरं आणि कामाचं. 'नाना' वाचताना संवादाच्या फुग्यांच्या बाहेरची वाक्यं नीट बघा. जपानी मुलींच्या मांगांत मनातलं बोलणं असं चौकटीत मोकळं सोडायची जुनी रीत आहे. पण इथे ते मनातलं बोलणं बहुतेकदा हाचीचं आहे, काही वर्षांनंतरचं आहे आणि ती ते एका माणसाला उद्देशून बोलते आहे. त्या माणसाचं नाव ताकुमी नाही. नोबूही नाही. ती 'नाना' अशी हाक मारते. गोष्टभर आपण नोबू की ताकुमी म्हणून भांडतो, आणि पुस्तक मात्र एका मैत्रिणीने दुसरीला लिहिलेल्या पत्रासारखं चाललंय.

आता कथानक बघा. नानाचा प्रियकर रेन तिचा बँड सोडून ट्रॅपनेस्टमध्ये जातो. ट्रॅपनेस्ट म्हणजे ताकुमीचाच बँड. मग हाचीही ताकुमीकडे जाते. नानाची दोन माणसं एकाच दाराने बाहेर पडली. हाचीच्या लग्नात सगळ्यात जास्त कोण मोडलं, नोबू?

---

कोपरीची_कैरी, दुपारी ३.२२

थांबा. मला पुन्हा वाचावं लागणार आहे.

---

सर्दीपडसे, दुपारी ३.३०

मी अजून सुरुवातच केली नाही आणि सर्व कळलं. पॉपकॉर्न संपले.

---

संपादक, दुपारी ४.१०

शेवटच्या दोन खंडांतील घटनांचा उल्लेख असलेला एक प्रतिसाद काढला आहे. धागाकर्तीने घातलेली मर्यादा कृपया पाळावी.

---

ऐरोली_स्लो (धागाकर्ती), रात्री १०.२६

दिवसभर बाहेर होते, आत्ता सगळं वाचलं. काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुर्भे_जंक्शन, तुमचा चारदा.

मूळ धाग्यात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. लिहायचं नाहीच असं ठरवलं होतं.

घणसोलीच्या त्या खोलीत आम्ही अडीच वर्षं काढली. एक शेगडी, एक पंखा, पावसाळ्यात भिंतीला येणारी बुरशी. डिपॉझिट अर्धं-अर्धं. 'नाना'त हाची स्ट्रॉबेरीचं चित्र असलेले दोन ग्लास आणते, ते बघून आम्हीही दोन सारखे ग्लास घेतले होते. स्ट्रॉबेरी मिळाली नाही, गाजरं मिळाली. पुढचं सगळं ठरलं होतं. मला प्रमोशन, तिला दुसरी नोकरी, मग ऐरोलीला वन बीएचके. मी दलालाशी बोलूनही ठेवलं होतं.

तिला स्थळ आलं. मुलगा चांगल्या नोकरीत, घर स्वतःचं. एका रविवारी ती गावी जाऊन आली आणि हो म्हणून आली. मला आधी विचारलंही नाही. का विचारेल? आज मला हे कळतं. तेव्हा मला फक्त ऐरोलीचा दलाल दिसत होता.

साखरपुड्याला मी गेले. पेढा तोंडात घालताना तिच्या कानाशी हसत म्हटलं, "विकली गेलीस." जगात फक्त तिलाच त्याचा संदर्भ माहीत होता. मला वाटलं विनोद होईल. तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी लिहू शकत नाही, आणि याझावा असत्या तर त्यांनी अख्खं पान कोरं ठेवून तेवढा एक चेहरा काढला असता. मी लग्नाला गेले नाही. ऑफिसमध्ये ऑडिट आहे म्हटलं. ऑडिट खरंच होतं, पण सुट्टी मागितली असती तर मिळाली असती.

म्हणजे मी हाचीवर इतकी वर्षं चिडले होते ती नोबूच्या वतीने नाहीच. नोबूशी माझं काय घेणंदेणं? मला वाटत होतं मी एका प्रेमकथेवर वाद घालते आहे.

खारफुटी, तुमचं ताकुमीबद्दलचं पटतं. सुदैवाने तिचा नवरा ताकुमी नाही. बरा माणूस आहे असं ऐकते. ऐकते, कारण बघितलेलं नाही.

---

दोन_डबे_एक_बाटली, रात्री १०.४०

अगं. फोन कर तिला.

---

खारफुटी, रात्री १०.४७

लगेच फोन कर म्हणणं सोपं आहे. तिला नको असेल तर? तो शब्द तिच्या साखरपुड्याच्या आठवणीत कायमचा बसलेला आहे. माफी मागणाऱ्याचं ओझं हलकं होतं, ऐकणाऱ्याचं होतंच असं नाही.

---

दोन_डबे_एक_बाटली, रात्री १०.५५

आणि ती तिकडे 'हिला ऑडिट महत्त्वाचं होतं' म्हणत बसली असेल तर? किती वर्षं बसायचं?

---

पाणी_पुरी_पाणी, रात्री ११.१३

विषयाला धरून थोडं: 'हनी अँड क्लोव्हर' वाचलंय का कुणी? चिका उमिनो यांचं, कलाशाळेतल्या मुलांचं. त्यात हागू नावाची चित्रकार मुलगी तिच्यावर जीव टाकणाऱ्या दोघांपैकी कुणालाच निवडत नाही. हाताला दुखापत झाल्यावर ती चित्रं काढत राहता यावीत म्हणून आपल्या शिक्षकाचा आधार निवडते. शेवट वाचून मी आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते. अजूनही तो शेवट मला आवडत नाही, वय वाढूनही. सगळंच वयानुसार पटत जातं असं नाही, एवढंच नोंदवते.

---

नौपाडा_निवृत्त, रविवार, सकाळी ६.५०

ऐरोलीबाई, मी सल्ला देणार नाही. माझं एक काम आहे. हे 'नाना' मला वाचायचं आहे. लेकीच्या खोक्यांत नाही. ग्रंथ संग्रहालयात विचारायला मला जरा संकोच वाटतो, "नाना आहे का?" म्हटलं तर काउंटरवरचे म्हणतील कोण नाना. तुमच्याकडचे खंड मिळतील का? जपून वाचेन. पानाला कोपरा दुमडत नाही, चहाचा कप लांब ठेवतो. बदल्यात इक्कोकु नेता येईल.

---

ऐरोली_स्लो (धागाकर्ती), सकाळी ९.१८

काका, आनंदाने. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला मी ठाण्याला दहा नंबर प्लॅटफॉर्मवर उतरते. पुलाच्या पायथ्याशी थांबा, निळी छत्री असेल. सुरुवातीला पाच आणते, पिशवी जड होते. सुरुवात उजवीकडून, हे तुम्हाला आता सांगायला नको.

एक अडचण आहे. अकरावा खंड माझ्याकडे नाही. खोली सोडताना वाटणी घाईत झाली, तो तिच्या बॅगेत गेला. परवा पुन्हा वाचतानाही मी दहावरून थेट बारावर उडी मारली. तुमची गाडी तिथे अडेल, म्हणून आज तिला मेसेज केला. माफी वगैरे काही लिहिलं नाही. एवढंच लिहिलं, "अकरावा तुझ्याकडे आहे का? एका काकांना हवाय."

दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही अजून.

---

नौपाडा_निवृत्त, सकाळी ९.४०

काही घाई नाही. आमचा वेग बघता अकराव्यापर्यंत पोचायला दिवाळी उजाडेल.

---

कोपरीची_कैरी, सकाळी ९.४४

काका, बुधवारी मीही येऊ का? मी कोपरीतच राहते, ती बाजू मला जवळ पडते. इक्कोकुचा पहिला खंड मला हवाय.

---

सर्दीपडसे, सकाळी १०.०२

आणि मला 'नाना'चा पहिला. रांग कुठून सुरू होते, उजवीकडून की डावीकडून?